बावीस माणसं, चौदा खोल्या आणि चारशे कोर्स

प्रश्न असा आला आहे: गोव्यात मोरजीला आमचं चौदा खोल्यांचं गेस्ट हाऊस आहे, खाली रेस्टॉरंट. सीझनला बावीस माणसं लागतात आणि त्यातली निम्मी दर ऑक्टोबरला नवी असतात. गेल्या वर्षी एकाच खोलीत गरम पाणी येत नाही म्हणून तीनदा तक्रार झाली. गिझरचा स्विच बाहेर पॅसेजमध्ये आहे, एवढंच नव्या पोराला माहीत नव्हतं. आता एक कंपनी मोबाइल ॲपवर चारशे कोर्सचं पॅकेज देते आहे, माणशी वर्षाला १,८०० रुपये. घ्यावं, की व्हॉट्सॲपवर भागेल? आणि घेतलं तरी माणसं खरंच शिकतील का?

थोडक्यात सांगायचं तर यंदा घेऊ नका. पुढच्या वर्षी कदाचित मीच म्हणेन घ्या म्हणून, पण तोवर तुम्हालाही कळलेलं असेल की चारशेपैकी तुमच्या उपयोगाचे सहा-सातच आहेत. आता सविस्तर.

मी फोंड्याची. हॉटेलात चादरी घालण्यापासून सुरुवात केली, पुढे सुपरवायझर झाले, आणि गेली सोळा वर्षं लहान हॉटेलं, बेकऱ्या, दुकानं, कुंडई-बेतोड्याचे छोटे कारखाने यांच्या माणसांना शिकवते. २०२० नंतर सगळ्यांना ऑनलाइनचं वेड लागलं, त्यात मीही होते. २०२१ च्या पावसाळ्यात एका हॉटेलमालकाला मीच आग्रह करून असं एक पॅकेज घ्यायला लावलं. सप्टेंबरअखेर कॉम्प्युटरवर अकरापैकी अकरा जणांच्या नावापुढे हिरवी खूण. सर्टिफिकेटं छापून पॅन्ट्रीच्या भिंतीवर लावली, फोटो काढले. दिवाळीच्या आठवड्यात पहिली गर्दी आली आणि पाहुणा गेलेली खोली आधी करायची की राहत असलेल्याची, हे कुणाला धड सांगता येईना. खोदून विचारल्यावर उलगडा झाला. एका चुणचुणीत रूम बॉयने रात्री सगळ्यांचे फोन गोळा केले, खाटेवर ओळीने मांडले आणि अकराही जणांचे कोर्स एकट्याने उरकले. दर माणशी एक बिअर. मी कपाळाला हात लावला. पण एक खरं, त्या पोराला मात्र हाऊसकीपिंग फर्मास यायला लागलं होतं. एकच परीक्षा अकरा वेळा दिल्यावर येणारच.

त्या पोराने मला जे शिकवलं त्यावर माझं आजचं सगळं काम उभं आहे, त्याच्याकडे परत येते. आधी पॅकेजचं बोलू.

असे कोर्स वाईट नसतात. बनवणाऱ्यांनी मेहनत घेतलेली असते, चित्रं सुंदर असतात. पण ते कुठल्या तरी दोनशे खोल्यांच्या हॉटेलाचे असतात, जिथे लिननची, म्हणजे चादरी-टॉवेलांची, वेगळी खोली असते आणि प्रत्येक मजल्याला ट्रॉली. तुमच्याकडे ट्रॉली जिन्यावरून चढणार कशी? तुमच्या जागेतलं अर्धंअधिक काम ‘तुमचं’ आहे. पंप कुणी किती वाजता लावायचा, वीज गेली की इन्व्हर्टरवर काय चालतं आणि काय बंद करायचं, कचरा कुठल्या दिवशी ओला आणि कुठल्या दिवशी सुका. गिझरचा स्विच तर तुम्हीच सांगितलात. हे कुठल्याही कंपनीला विकता येणार नाही, कारण त्यांना ते माहीतच नाही. माहीत आहे ते तुमच्या जुन्या माणसांना. म्हणून पहिलं काम कोर्स विकत घेणं नव्हे. तुमच्याच जुन्या माणसाचं काम फोनवर टिपून ठेवायचं, ते पहिलं.

हे टिपणं दिसतं तसं सोपं नाही. पेडण्यातल्याच एका गेस्ट हाऊसचं सांगते. तिथे एक मावशी आहेत, बारा वर्षं हाऊसकीपिंगला. त्यांनी घातलेली चादर पाहिली की वाटतं इस्त्री करून गादीवर चिकटवली आहे. मी फोन धरला आणि म्हटलं, मावशी, दाखवा. त्या एकदम ताठ झाल्या, पदर सारखा केला, ‘नमस्कार, मी आज तुम्हाला’ वगैरे सुरू. चार मिनिटं झाली तरी चादर उलगडली नव्हती. शेवटी तिथली एक नवी मुलगी पलंगापलीकडे उभी केली आणि सांगितलं, हिला शिकवा, माझ्याकडे बघूच नका. मग मावशी मावशी झाल्या. पायाकडची बाजू गादीखाली सारली, कोपऱ्यापासून वीतभर अंतरावर चादरीची कड धरून वर उचलली, त्रिकोण गादीवर ठेवला, खाली लोंबणारं आत घातलं, त्रिकोण सोडला, तोही आत. ‘अगो, तळहात नको, बोटं घाल सरळ!’ सत्तर सेकंदांत काम झालं.

आणि मग त्यांनी एक गोष्ट केली जी मी एवढ्या वर्षांत कुठल्या वर्गात शिकवली नव्हती. चादर घालण्याआधी गादीवरून हात उलटा करून, बोटांच्या पाठीने, डोक्यापासून पायापर्यंत फिरवला. मी विचारलं हे काय? ‘रेंव. तळहाताक कळना, कातडें जाड जालां.’ रेंव म्हणजे वाळू. किनाऱ्यावरून आलेला पाहुणा तसाच गादीवर पडतो, वाळू खालच्या कव्हरात राहते, आणि दुसरा पाहुणा रात्री अकराला रिसेप्शनला फोन करतो. चारशे कोर्समध्ये ही वाळू नाही हो.

टिपताना घ्यायची काळजी थोडी, पण ती घ्याच. एका व्हिडिओत एकच काम, दीड मिनिटाच्या आत. चेहरा नको, हात दिसू देत. बायका चेहऱ्याला तयार नसतात, आणि तसंही शिकणाऱ्याला हातच बघायचे असतात. फोन शिकवणाऱ्याच्या खांद्यामागून धरा, म्हणजे डावं-उजवं उलटं होत नाही. समोरून काढलेल्या व्हिडिओत हे हमखास उलटतं आणि पोरं गोंधळतात. किचनमध्ये काढत असाल तर आधी लेन्स पुसा. तेलकट हाताने धरलेल्या फोनचे व्हिडिओ धुक्यात काढल्यासारखे येतात आणि दोष कॅमेऱ्याला. एक्झॉस्ट दोन मिनिटं बंद करा, नाहीतर आवाज काहीच येणार नाही. आणि ज्याचा व्हिडिओ आहे त्याला विचारून काढा, तो सोडून गेला तर वापरू ना, हेही तेव्हाच विचारून ठेवा.

खर्च म्हणाल तर फोन आहेच. एक साधा स्टँड आणि कॉलरला लावायचा माइक, दीड हजारात दोन्ही होतं.

व्हिडिओ ठेवायचे कुठे? इथे बहुतेकांचा घोटाळा होतो. तुमच्या स्टाफचा व्हॉट्सॲप ग्रुप असणारच. त्यात सकाळी सत्यनारायणाचा फोटो, दुपारी कुणाच्या तरी मावसभावाचा वाढदिवस, संध्याकाळी ‘आज कोण बदली येणार’. तुमचा गिझरचा व्हिडिओ चोवीस तासांत शंभर मेसेजांखाली गाडला जातो. शिवाय नवा माणूस ग्रुपमध्ये आला की त्याच्या आधीचं बहुतेक त्याला दिसतच नाही, म्हणजे ज्याच्यासाठी केलं त्यालाच नाही. व्हॉट्सॲप सांगण्यासाठी बरं, साठवण्यासाठी नाही. व्हिडिओ यूट्यूबवर ‘अनलिस्टेड’ करून चढवा. फुकट आहे, आणि लिंक असल्याशिवाय सहसा कुणाला सापडत नाही. मग प्रत्येक लिंकचा क्यूआर कोड छापून, लॅमिनेट करून, जिथे काम तिथेच चिकटवा. चादरीचा लिननच्या कपाटाच्या दाराला आतून, कॉफी मशीनचा मशीनच्या बाजूला, पंपाचा पंपाच्या बोर्डावर. पोरांना क्यूआर शिकवावा लागत नाही, चहाचे पैसेसुद्धा ते तसेच देतात. फक्त एक पाळा: अनलिस्टेड म्हणजे कुलूपबंद नव्हे. तिजोरी, सीसीटीव्ही, पाहुण्यांचे कागद यांतलं काही त्या व्हिडिओत येऊ देऊ नका.

सगळ्यांकडे स्मार्टफोन आहे असं धरूही नका. कामाला येणाऱ्या बायकांपैकी एखादीचा फोन दिवसा मुलाकडे असतो. ज्यांच्याकडे आहे त्यांचा दिवसाचा डेटा रील्समध्ये दुपारीच संपतो. तुमचा जुना फोन वायफायला जोडून पॅन्ट्रीत ठेवा, चार्जरसकट, दोरीने बांधून. बांधा म्हणते ते चोरीसाठी नाही, तो कायम ‘आत्ताच इथे होता’ होतो म्हणून.

आता वेळ. मालक मला सांगतात, ‘व्हिडिओ पाठवलेत, घरी जाऊन बघा म्हटलंय.’ कुणी बघत नाही, आणि बघू नयेच असं माझं मत आहे. दहा तास उभं राहून घरी गेलेल्या माणसाला तुम्ही बिनपगारी काम सांगताय. तुमच्यासाठीचं शिकणं तुमच्या वेळेत व्हायला हवं. रेस्टॉरंट असलेल्या जागी सोन्यासारखी वेळ एकच: दुपारचं स्टाफचं जेवण झाल्यावर, संध्याकाळच्या तयारीआधी. तीन ते साडेतीनमधली पंधरा मिनिटं. आठवड्यातून दोन दिवस, त्याहून जास्त नको. त्या पंधरा मिनिटांत दीड मिनिटाचा व्हिडिओ, आणि उरलेल्या वेळात प्रत्येकाने ते करून दाखवायचं. ‘समजलं का?’ हा प्रश्न विचारायचाच नाही. ‘हो’ म्हणायला काहीच लागत नाही. ‘करून दाखव’ म्हणा. तेवढ्यात कळतं.

अकरा फोनवाल्या पोराकडे परत येते. १८८५ मध्ये हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं होतं की पाठ केलेलं पहिल्या काही तासांतच झपाट्याने विसरतं. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिकी या अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी विद्यार्थ्यांचे गट करून एकाला उतारा पुन्हा वाचायला दिला, दुसऱ्याला तो न बघता आठवून लिहायला लावला. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने आठवून लिहिणारे पुढे गेले. म्हणजे व्हिडिओ चार वेळा बघण्यापेक्षा एकदा बघून चार वेळा आठवायला लावणं जास्त टिकतं. माझ्या रूम बॉयने बिअरच्या लोभाने नेमकं हेच केलं होतं.

तुम्ही ते असं करा. व्हिडिओनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रुपवर एक प्रश्न, मग चार दिवसांनी तोच जरा फिरवून, मग महिन्याने. व्हॉट्सॲपच्या पोलमध्ये दोन मिनिटांचं काम. प्रश्न मात्र कामातला हवा. ‘स्वच्छतेचे महत्त्व काय’ असले नकोत. मी रेस्टॉरंटवाल्यांना हमखास देते तो प्रश्न: पाहुणी म्हणते मला कोळंबीची ॲलर्जी आहे, आणि मेनूवर बोट ठेवून विचारते, ही कोकोनट सॅलड घेऊ का? मेनूवर ‘कोकोनट सॅलड’ लिहिलेली ती असते आपली किसमूर. ओडिशाहून किंवा नेपाळहून आलेल्या पोराला दिसतं खोबरं, कांदा, मिरची. त्यात सुकी सुंगटं, म्हणजे कोळंबीच, भाजून चुरलेली असतात हे त्याला कोण सांगणार? आपल्याला हे जन्मापासून माहीत, म्हणून सांगायचं सुचतच नाही. पहिल्यांदा विचारलं तेव्हा आठपैकी सहा जणांनी ‘हो, घ्या’ असं उत्तर दिलं. मालकाने तिथल्या तिथे मेनू बदलून घेतला.

भाषेचाही मुद्दा यातच आला. तुम्ही मराठीत लिहिता, घरात कोकणी बोलता, पण तुमच्या किचनमध्ये हिंदी, कन्नड, उडिया, नेपाळी असणार. पॅकेजवाले ‘बारा भाषांत उपलब्ध’ म्हणतील. ती बहुतेक वेळा यंत्राने केलेली भाषांतरं असतात आणि पुस्तकी. आपल्या मोडक्यातोडक्या हिंदीत, हात दाखवत केलेला व्हिडिओ जास्त पोचतो. एक सोय करा: त्या-त्या भाषेचा जो जुना माणूस असेल त्याला तोच व्हिडिओ बघून आपल्या भाषेत आवाज द्यायला सांगा. नवीन पोराला स्वतःच्या गावच्या माणसाचा आवाज ऐकला की अर्धी भीती तिथेच जाते.

काही गोष्टी ऑनलाइन शिकवायच्याच नाहीत. आग ही त्यातली पहिली. डिसेंबर २०२५ मध्ये हडफड्याच्या नाइट क्लबला लागलेल्या आगीत २५ जणांचा जीव गेला, आणि त्यात बहुतेक तिथलेच कर्मचारी होते. त्यानंतर महिनाभर मला जेवढे फोन आले तेवढे सोळा वर्षांत आले नव्हते, आणि निम्म्याहून जास्त जणांना हवा होता ‘फायर सेफ्टीचा ऑनलाइन कोर्स, सर्टिफिकेटसकट’. कागद हवा होता. मी नाही म्हटलं. अग्निशामक सिलिंडर हातात दिला की दहापैकी सात जण पिन न ओढताच दांडा दाबत बसतात, हे मी प्रत्येक ठिकाणी पाहते. व्हिडिओत तीच माणसं पिन ओढायची हे बरोबर सांगतात. तळणीच्या तेलाने पेट घेतला तर पाणी नाही, गॅस बंद करायचा आणि झाकण टाकायचं, हे हाताला ठाऊक हवं. त्या क्षणी डोकं चालत नाही. म्हणून सीझनआधी एक संध्याकाळ काढा. मुदत संपत आलेला सिलिंडर भरायला पाठवण्याआधी अंगणात पोरांकडून रिकामा करून घ्या. आणि एकदा रात्री, दिवे घालवून, स्टाफ झोपतो त्या खोलीतून प्रत्येकाला बाहेर यायला लावा. दाराशी गॅसचे रिकामे सिलिंडर आणि बिअरचे क्रेट रचलेले आहेत हे त्या रात्री तुम्हालाच पहिल्यांदा कळेल.

कायद्याने लागतं ते वेगळं. त्यात चालढकल नको. खाद्यपदार्थांचा परवाना आहे म्हणजे एफएसएसएआयच्या (केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या) फॉस्टॅक या प्रशिक्षण कार्यक्रमात शिकलेला एक सुपरवायझर दर २५ खाद्य हाताळणाऱ्यांमागे हवा. सर्टिफिकेट दोन वर्षं चालतं. हे ऑनलाइनही होतं, आणि हा कोर्स मी मनापासून करा म्हणते. फ्रीज ५ अंशांच्या वर जाऊ न देणं, किंवा तळणीच्या तेलातले टोटल पोलर कंपाउंड (तेल पुन्हा पुन्हा तापवून तयार होणारे घटक) २५ टक्क्यांवर गेले की ते तेल टाकून देणं (हा नियम जुलै २०१८ पासून आहे), हे गावठी पद्धतीने शिकवण्याचे विषय नाहीत. पाठवताना मात्र मालकाच्या भाच्याला पाठवू नका. जो रोज किचनमध्ये उभा असतो त्याला पाठवा.

दुसरं, दहा किंवा जास्त माणसं असली की २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती लागते आणि कर्मचाऱ्यांना त्याची माहिती वेळोवेळी द्यावी लागते. न केल्यास ५०,००० रुपयांपर्यंत दंड. हंगामी, रोजंदारीवरची, सगळी माणसं मोजायची, म्हणजे तुम्ही त्यात आलातच. यावरचे तयार व्हिडिओ चांगले आहेत, माहितीपुरते दाखवा. पण कायदा सांगून झाल्यावर, तक्रार आली तर कुणाकडे जायचं ती बाई प्रत्यक्ष समोर उभी राहू दे. चेहरा ओळखीचा असला तरच कुणी जातं.

ऑनलाइनचा सगळ्यात मोठा फायदा कुठे होतो विचाराल तर बदल कळवण्यात. २२ सप्टेंबर २०२५ पासून रात्रीला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोल्यांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, इनपुट क्रेडिटशिवाय, म्हणजे खरेदीवर भरलेला कर त्यातून वजा करता येत नाही. माझ्या ओळखीच्या एका रिसेप्शनवर दिवाळीपर्यंत फोनवर ‘प्लस ट्वेल्व्ह परसेंट’ सांगितलं जात होतं. बिलात सॉफ्टवेअर बरोबर ५ लावत होतं आणि पाहुणे चकित. अशा ठिकाणी चाळीस सेकंदांचा व्हॉइस मेसेज पुरतो, वर ‘ऐकलं’ असं प्रत्येकाने लिहायचं. परदेशी पाहुण्याची माहिती चोवीस तासांत ऑनलाइन भरायची, ज्याला अजून सगळे सी-फॉर्मच म्हणतात, तेही तसंच: स्क्रीनचं रेकॉर्डिंग करून ठेवा, कुठल्या रकान्यात व्हिसाचा कुठला नंबर ते दिसू दे. आणि जाता जाता, तुम्ही ज्या बुकिंग किंवा बिलिंग सॉफ्टवेअरला दरवर्षी पैसे भरता, त्यांचे शिकवण्याचे व्हिडिओ बहुधा त्यातच असतात. कुणी मागितलेले नसतात एवढंच.

एक अडचण मात्र कुठलंही ॲप सोडवणार नाही. तुमचा जुना कुक व्हिडिओ काढू देणार नाही. तो आडमुठा आहे म्हणून नाही, त्याला नीट कळतं म्हणून. सगळं फोनमध्ये गेलं की पात्रांव, म्हणजे मालक, उद्या आपल्याला नारळ देईल, ही भीती खरी आहे आणि काही मालकांनी ती खरी करूनही दाखवली आहे. त्याच्याशी सरळ बोला. शाकुतीचा मसाला त्याचा, त्याला हात लावायचा नाही. आपल्याला हवंय ते मासळी आल्यावर कशी बघायची, कुठे ठेवायची, सुरी कशी धरायची, सकाळी गॅस कसा तपासायचा, एवढंच. आणि शिकवण्याचे पैसे द्या. प्रत्येक नव्या माणसाला जो तयार करेल त्याला महिन्याला काही ठरावीक रक्कम, पगारपत्रकावर वेगळ्या ओळीत. पंधराशे असोत की दोन हजार, ती ओळ दिसली पाहिजे. मी पाहिलंय, ज्या कुकने पाच वर्षं कुणाला जवळ उभं केलं नाही तो त्या ओळीनंतर स्वतः पोराला हाक मारून बोलावतो.

‘शिकवलं की सोडून जातात’ हेही तुम्ही म्हणणारच. जातात. जहाजावर जातात, गल्फला जातात, शेजारच्या शॅकवर हजार रुपये जास्त मिळतात म्हणून जातात. न शिकवलेले पण जातात हो, फक्त ते जाईपर्यंत ग्लास फोडतात. तुमच्याकडे निम्मी माणसं दरवर्षी नवी असतील, तर त्याच कारणासाठी हे टिपून ठेवायचं, म्हणजे दर ऑक्टोबरला तुम्हाला पहिल्यापासून घसा कोरडा करावा लागणार नाही.

एवढं सगळं करून पुढच्या वर्षी पॅकेज घ्यावंसं वाटलं, तर काही गोष्टी आधी विचारून घ्या. पैसे नावावर आहेत की चालू माणसांवर? बावीस गुणिले १,८०० म्हणजे ३९,६०० हा हिशेब तुम्ही केला असेल. पण सीझनमध्ये नऊ जण सोडून नऊ नवे आले आणि ते नवी नावं धरत असतील, तर एकतीस नावांचे ५५,८०० होतात. करारात हे बारीक अक्षरात असतं. आमचे स्वतःचे व्हिडिओ त्यात घालता येतील का? नेटवर्क नसताना चालतं का? सदस्यत्व बंद केलं तर कोण काय शिकलं याच्या नोंदी आम्हाला मिळतात का? आणि डेमो तुम्ही बघू नका. ऑफिसात एसीत बसून बघितलेला प्रत्येक डेमो चांगलाच वाटतो. तुमच्या सगळ्यात कमी शिकलेल्या माणसाच्या हातात, त्याच्याच फोनवर द्या आणि बाजूला गप्प उभे राहा. पाच मिनिटांत उत्तर मिळेल.

माणसं शिकली की नाही हे कसं कळणार, तर रिसेप्शनवर एक वही ठेवा. आजपासून पंधरा दिवस काहीही शिकवू नका, फक्त लिहा: परत साफ करावी लागलेली खोली, चुकीची गेलेली केओटी (किचनला जाणारी ऑर्डरची चिठ्ठी), पाहुण्याने वर फोन करून सांगितलेली प्रत्येक तक्रार, एका ओळीत. नोव्हेंबरअखेर पुन्हा पंधरा दिवस तसंच. दोन्ही यादी शेजारी ठेवल्या की बाकी कुठलाही आलेख लागत नाही. शिवाय पहिल्या यादीतूनच कळतं कुठले व्हिडिओ आधी काढायचे. दहा-बारा पुरतात. सुरुवातीलाच पन्नास ठरवणारे तिसऱ्यालाच दमतात.

कधी करायचं, तर जुनी माणसं ऑगस्टमध्ये हाताशी असतील तेव्हा व्हिडिओ काढून घ्या. पावसात पाहुणे कमी, खोल्या रिकाम्या, उजेड जरा कमी पण चालतं. शिकवणं चतुर्थी झाल्यावर. चतुर्थीच्या आठवड्यात ट्रेनिंग ठेवणारा मालक गोव्याबाहेरचा असतो, हे मी न बघता सांगते. ऑक्टोबरचा पहिला आठवडा नव्यांसाठी, तोवर जुने तयार.

आणि पहिला व्हिडिओ आजच काढून टाका. पॅसेजमध्ये उभे राहा, स्विच दाखवा, खोलीचा नंबर मोठ्याने सांगा, स्विच लावा, आत जाऊन गिझरचा दिवा लागलेला दाखवा. वीस सेकंद होतील. क्यूआर छापून स्विचच्या वर चिकटवा. की मग स्विचवर खोलीचा नंबरच लिहून टाका, व्हिडिओची गरजच नाही.